घाटावरील पांच हजार उघड्यांच्या छबीची हकीकत

श्रीगजाननास नमन असो, वाग्देवतेस नमन असो, आणि ज्या सूर्यनारायणाच्या उजेडांत ही गोष्ट चारचौघांदेखत घडली त्यासही नमन असो. शके अठराशें चार, चित्रभानु नाम संवत्सर, माघ शुद्ध दशमी, ते दिवशीं प्रातःकाळीं या दौलतींतील पांच हजार प्रतिष्ठित व अप्रतिष्ठित माणूस नदीच्या घाटावर वस्त्रें उतरून उभें राहिलें आणि त्यांची एक छबी निघाली, तिची हकीकत पुसाल तर ऐसी. दौलतीचें नांव लिहीत नाहीं, कारण दौलतीस लेकीबाळी आहेत. माणसांचीं नांवें लिहितों तीं आमचे पदरचीं. बाकी जें घडलें तें घडलें तैसेंच लिहिलें आहे. लिहिणार स्वतः आठव्या पायरीवर उभा होता, घाटावरील कांहीं ऐकीव नाहीं.

मजकूर ऐसा कीं, पूर्वेकडील शेजारी दौलतींत मुसा बर्तेल नांवाचा कोणी फिरंगी आला, आणि त्याजपाशीं तीन पायांचें यंत्र व कांचा होत्या, आणि त्यानें तेथील दोन हजार माणसांस डोंगरउतारावर वस्त्रांवांचून उभें करून त्यांची छबी काढिली, आणि हें चोरून नव्हे तर डंका पिटवून, आणि छबी चावडींत टांगली, आणि लोक म्हणों लागले कीं ही मोठी कळा आहे. हें वर्तमान जासुदानें श्रीमंत महाराजांस कळविलें. महाराज भोजनास बसले होते ते तैसेच हात धुवोन उठले आणि पुसते जाहले, "त्यांची माणसं किती?" जासूद बोलिला, "दोन हजार, सरकार." महाराज बोलिले, "आमची पाच." मग पांच हजार ही संख्या ठरली, आणि कळा म्हणजे काय हें मागाहून ठरवावें ऐसें जाहलें. मुसा बर्तेल यास मेणा पाठवून आणविलें, आणि त्यानें दुभाष्याचे मुखें अर्ज केला कीं, अंगावर वस्त्र नको, दागिना नको, डोईस कांहीं नको, आणि पंचविशीच्या आंतील कोणी नको. दिवाणजींनीं पुसिलें, "वस्त्रांनी यांचं काय वाकडं केलं?" दुभाषी बोलिला, "साहेब म्हणतात, वस्त्रं असली म्हणजे कोण मोठा कोण लहान ते दिसतं. त्यांना नुसती माणसं हवीत." आजपर्यंत ही मागणी दरबारापुढें कोणी केली नव्हती.

येथें वाचणारास वाटेल कीं लोक उघडें होण्यास लाजले असतील. तैसें नव्हे. या मुलखांत ब्राह्मणापासून कोष्ट्यापर्यंत सारे लंगोटीवर नदींत स्नान करणारे, आणि लंगोटी म्हणजे वीतभर कापड, त्याचा शोक किती करावा? अडलें तें पगडीपाशीं. पगडी उतरावयाची ती बाप गेल्यावर, नाहीं तर शत्रूपुढें हरल्यावर. सरदार बोलिले, "बाकी सगळं नेसूचं काढतो, पण पगडी ठेवून उभे राहू." मुसा कपाळास हात लावून बसला. मग महाराजांनीं भर दरबारीं आपली पगडी उतरोन गादीवर ठेविली, आणि महाराजांस टक्कल आहे हें दौलतीस ते दिवशीं प्रथम कळलें, आणि पगडीविषयीं बोलणें राहिलें नाहीं. उरला धर्म. तो दिनकरशास्त्री यांनीं सोडविला कीं, नवरदेव हळदीस बसतो तेव्हां त्यास उघडा कोण म्हणतो? हळद लागलेला देह झांकलेलाच जाणावा. म्हणोन पांच हजारांनीं नखशिखांत हळद लावावी म्हणजे दोष नाहीं. सर्वांनीं माना डोलविल्या. बायकांचा घाट वेगळा, त्यांची छबी मुसाची बाईल काढील ऐसें ठरलें, आणि आईसाहेब बोलिल्या, "आधी पुरुषांचं होऊ द्या. मग पाहून सांगतो." तेथें पुढें काय जाहलें तें लिहिणारास ठाऊक नाहीं. कुटुंबास पुसिलें. कुटुंब हंसलें आणि भाजी निवडूं लागलें.

मग हळदीचें काम बहिरोपंत मुदपाकखान्याचे अधिकारी यांजकडे आलें. बहिरोपंत म्हणजे देह आडवा, आवाज मोठा, तळहात परातीएवढे, तीस वर्षें सरकारी पंगती उठविलेले. त्यांनीं शहरांतील सारीं जातीं अडविलीं आणि हळकुंडें दळावयास घातलीं, आणि आठ दिवस शहरांत जो तो शिंकत होता, कोणी शुभकार्यास निघेना. तिकडे घाटाचें काम सुभानजी इमारतीचे हवालदार यांजकडे आलें. घाट काळा, शेवाळलेला, छबींत बरा कैसा दिसेल, म्हणोन सुभानजींनीं पायरीन् पायरी चुन्यानें सारविली, आणि शेवटचा हात आदले दिवशीं सांजेस दिला, आणि वर दंव पडलें, तो वाळला नाहीं. मुदपाकखाना आणि इमारतीचा कारखाना यांमध्यें एक भिंत. परंतु बहिरोपंतांनीं सुभानजींस पुसावें हा मुदपाकखान्यास कमीपणा, आणि सुभानजींनीं बहिरोपंतांस सांगावें हा इमारतीस कमीपणा, ऐसी तीन पिढ्यांची रीत. ओल्या हळदीस चुना लागला म्हणजे काय होतें हें या मुलखांतील एकूणएक बाईस ठाऊक आहे. बाईस कोणी पुसिलें नाहीं.

आतां ज्याच्या जिवास घोर लागला त्याची गोष्ट. निळोपंत वाकनीस म्हणोन दरबारचीं पत्रें लिहिणारे, मनुष्य सालस, अक्षर मोत्याचें, उन्हाळ्यांतही अंगरखा कधीं उतरला नाहीं. लोक म्हणत, पंतांस शिष्टाचार फार. शिष्टाचार नव्हे. पंतांस पाठीवर कोड होतें, दोन्ही खांद्यांच्या मध्यें, पुरीएवढें, वीस वर्षांचें. वैद्य सांगतात कीं हा रोग कोणास लागत नाहीं, जिवास अपाय नाहीं, परंतु सोयरीक मोडतांना वैद्यास कोण पुसतो? पंतांची कन्या सगुणा, तिचें लग्न फाल्गुनांत ठरलेलें, आणि तें बहिरोपंतांचे चिरंजीव मोरेश्वर यांशीं. यापूर्वीं थोरलीचें स्थळ एकदां मोडलें होतें. पाहुण्यांपैकीं कोणी पंतांस स्नान करितां पाहिलें होतें, आणि निरोप आला होता कीं "पत्रिका जमत नाही." थोरली मग फार लांब, बिजवरास दिली. पंत तिजकडे जात तेव्हां ती हंसून बोले आणि पंत परत येतांना वाटभर बोलत नसत. धाकटीचे वेळीं ऐसें होऊं द्यावयाचें नाहीं ऐसी त्यांनीं देवापुढें सुपारी ठेविली होती.

आणि दैवाची थट्टा पाहा. महाराजांनीं हुकूम सोडिला कीं, जो कोणी निमंत्रण पावून घाटावर येणार नाहीं त्याचे अंगीं कांहीं खोट आहे ऐसें दरबार समजेल. हा हुकूम लिहिला कोणीं? वाकनीसांनीं. स्वहस्तें, चाळीस प्रती, सुरेख वळणांत. लिहिणार शेजारच्या बैठकीवर होता. "खोट" हा शब्द आला कीं पंत बोरू पुसत, पुन्हा शाईंत बुडवीत, मग लिहीत. चाळीस वेळां.

दशमीस उजाडतां पंतांचे कुटुंब आवडाबाई यांनीं वाटींत हळद कालविली आणि म्हणाल्या, "घाटावर तुमच्या पाठीला कोण हात लावील कुणास ठाऊक. मीच लावून देते. कुणी विचारलं तर सांगा, घरून लावून आलो." पंत पाटावर बसले. बाईंनीं जाड थर दिला आणि म्हणाल्या, "लग्नात लावली तेव्हा ही पाठ कोरी होती." पंत बोलिले, "तेव्हा तू पाठीकडे पाहिलं होतंस?" बाई म्हणाल्या, "चोरून." हें पंतांनीं पुढें बहुत दिवसांनीं लिहिणारास सांगितलें, म्हणोन लिहिलें. परंतु बाईंची एक चूक जाहली. थर ओला, आणि थंडी म्हणोन पंतांनीं त्याजवर अंगरखा चढविला, आणि कोसभर चालले.

घाटावर पांच हजार माणूस जमलें. कुडकुडत वस्त्रें उतरलीं, ज्याचीं त्यानें गांठोडीं बांधोन वर देवळापाशीं ठेविलीं, परातींतून हळद वांटली, आणि शेजारी शेजाऱ्याची पाठ माखूं लागला. कोण कोणाची माखतो हें कळेना. एका तांबटाचें पोट थोर, चाल संथ, त्यास सतरा मुजरे जाहले आणि त्यानें सारे घेतले. महाराज चौथ्या पायरीवर उभे होते, त्यांस एकानें सांगितलें, "म्हातारबा, जरा सरका." महाराज सरकले. बहिरोपंतांनीं हट्ट धरिला कीं, "आमचे होणारे व्याही आमच्या शेजारी," आणि पंतांस सातव्या पायरीवर आपले उजवे हातास घेतलें आणि म्हणाले, "वळा, पाठ चोपडतो." पंत म्हणाले, "घरून लावून आलोय." बहिरोपंत म्हणाले, "सरकारची हळद कमी पडेल असं वाटलं का काय!" आणि मोठ्यानें हंसले आणि पुढें पाहूं लागले. मग पंतांनीं अंगरखा उतरविला, आणि त्याचें अस्तर पाहिलें, आणि त्यांचा चेहरा उतरला. सारी हळद अस्तरास लागोन आली होती. वस्त्रें वर पाठविण्याचा पुकारा जाहला, अंगरखा गेला, आणि पंत पाठीनें उघडे ते तैसेच राहिले. लिहिणार त्यांचे मागें आठव्या पायरीवर. समोर हातभरावर तें पांढरें. लिहिणारानें तें पाहिलें.

मुसा नदींत तराफ्यावर यंत्र मांडून उभा. त्यानें काळें फडकें डोईवर घेतलें आणि पहिली छबी उभ्यानें निघाली, समोरून. घाट पांढरा आणि माणूस सारें पिवळें, चाफा फुलला तैसें दिसत होतें. लिहिणारास वाटलें होतें कीं हसूं येईल, तें आलें नाहीं. पांच हजार माणूस इतकें गप्प उभें राहिलेलें या दौलतीनें पूर्वीं पाहिलें नव्हतें. मग हुकूम जाहला, बसा. सारे ओल्या पायऱ्यांवर बसले, आणि दुसरी छबी बसून निघाली, आणि करार दोहोंचाच होता, म्हणोन पंतांनीं मोठा श्वास सोडिला तो लिहिणारास ऐकूं आला. परंतु पहिल्या पायरीवरील तोच तांबट पाय मोकळे करावयास उठला आणि वळला. त्याची बैठक लाल. साधी लाल नव्हे, कुंकवासारखी. मुसानें तें पाहिलें आणि तराफ्यावर नाचूं लागला, आणि दुभाषी ओरडला, "सगळे उठा! सगळे वळा! नदीकडे पाठ करा! साहेब म्हणतात, असं जगात कुणी काढलेलं नाही!" मग पांच हजार उठले, आणि जो तो पुढल्याचें पाहून हंसूं लागला आणि आपलेंही तैसेंच हें ध्यानीं येऊन थांबूं लागला, आणि सारे वळले. दिवाणजी लाल, शास्त्रीबोवा लाल, महाराज लाल. सुभानजी आणि बहिरोपंत यांनीं इतक्या जणांतून एकमेकांकडे पाहिलें तें फार वाईट पाहिलें.

निळोपंत मात्र उठले नाहींत. पाठ पायरीकडे करून, नदीकडे तोंड करून, गुडघे धरून बसले. दुभाषी ओरडला, "सातव्या पायरीवरचे, उठा!" पंत बसले. महाराज चौथ्या पायरीवरून म्हणाले, "कोण आहे तो? दरबारचा हुकूम आहे." पंत बसले. बहिरोपंत पायरीस तळहात टेकून नुकते उभे राहिले होते, ते वांकले आणि म्हणाले, "अहो, उठा की. पाय आखडले का?" पंत म्हणाले, "हो." बहिरोपंत म्हणाले, "मग धरतो, चला." आणि धरावयास मागें गेले आणि पाहिलें.

तें किती वेळ पाहिलें हें लिहिणारास सांगवत नाहीं. मुसा कांच बदलीत होता तेवढाच वेळ असेल. बहिरोपंतांच्या तोंडावरील हंसूं गेलें. लिहिणारास वाटलें, मोडलें. लग्न मोडलें, धाकटीही लांब जाणार. पंत पुढें पाहत हळूच म्हणाले, "वीस वर्षांचं आहे. सगुणाच्या अंगावर तिळाएवढंही नाही. देवाशप्पथ सांगतो." बहिरोपंत आणखी जवळ वांकले. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंत?" पंत म्हणाले, "थोरलीच्या वेळी सांगितलं नव्हतं, दिसलं, आणि मोडलं. या वेळी सांगून मोडायचं धैर्य नव्हतं हो." खालून दुभाषी ओरडतोच आहे, महाराज विचारताहेतच, पांच हजार माना वळूं लागल्या. आणि बहिरोपंत म्हणाले, "तीस वर्षं पुऱ्या तळतोय. एकीलाही डाग नाही असा घाणा अजून निघायचाय." आणि आपला तो परातीएवढा तळहात, हळदीचा, चुन्याच्या पायरीस टेकलेला, त्यांनीं पंतांच्या दोन्ही खांद्यांच्या मध्यें दाबून ठेविला, आणि खालच्या आवाजांत म्हणाले, "उठा, व्याही."

पंत उठले. हात पाठीवर तैसाच. दोघे वळले. दुभाषी ओरडला, "सातव्या पायरीवरचा हात खाली!" बहिरोपंत हलेनात. दुभाषी पुन्हा ओरडला. मग बहिरोपंतांनीं हात आणखी एकदां दाबला आणि काढिला. खालीं पांच बोटें आणि तळवा, लालभडक, आणि त्याखालीं पांढरें कोठें दिसेना. दाराच्या चौकटीवर सवाष्णीनें हात उठवावा तैसा उठला होता. तोंच मुसानें तिसरी छबी काढिली.

पुढें काय जाहलें तें थोडक्यांत. दरबारांत चौकशी बसली कीं दौलतीची बैठक लाल कोणीं केली. सुभानजी म्हणाले हळदीनें, बहिरोपंत म्हणाले चुन्यानें, आणि उभयतां खरे होते, म्हणोन कोणास शिक्षा करितां येईना. दिनकरशास्त्री यांनीं निर्णय दिला कीं हळद आणि चुना मिळोन कुंकू होतें, म्हणोन जें जाहलें तें पांच हजार पट शुभ. मुसानें छबी मोठी करून बारीक कुंचल्यानें हातें रंग भरिले, आणि जैसें होतें तैसें भरिलें, कांहीं सोडिलें नाहीं. ती दरबारांत टांगली. शेजारी दौलतीचा वकील पाहावयास आला, पाहून गेला, आणि वर्षाचे आंत त्यांनींही आपली छबी नवी काढविली आणि बैठकी लाल केल्या, परंतु त्यांनीं त्या गेरूनें रंगविल्या आणि तें लगेच ओळखूं येतें. फाल्गुनांत सगुणाचें लग्न लागलें. नवरदेवाची उष्टी हळद बहिरोपंत स्वतः घेऊन वधूकडे गेले, वाटेंत कोणाच्या हातीं दिली नाहीं. लग्नास आलेले बहिरोपंतांकडील एक मामा दरबार पाहावयास गेले, छबीपुढें उभे राहिले, आणि सातव्या पायरीवर बोट ठेवून पुसते जाहले, "सगळ्यांच्या पाठी पिवळ्या, ह्या एकावर हा पंजा कशाचा? कोण आहे हा?" बहिरोपंत म्हणाले, "आमचे व्याही." मामा म्हणाले, "आणि हात?" बहिरोपंत म्हणाले, "आमचा." मामा म्हणाले, "कशाला ठेवला होतात?" बहिरोपंत म्हणाले, "उठत नव्हते म्हणून." आणि मामांस जेवावयास घेऊन गेले.

निळोपंत त्यानंतर उन्हाळ्यांत ओसरीवर उघडे बसूं लागले. आतां पंतही गेले, बहिरोपंतही गेले, सगुणेस नातवंडें जाहलीं, म्हणोन हें लिहिलें. तात्पर्य इतकें कीं, शके अठराशें चार माघ शुद्ध दशमीस या दौलतींतील पांच हजार माणूस उघडें जाहलें, दोन कारखान्यांच्या अबोल्यानें सारें लाल जाहलें, एकाची पाठ झांकली आणि एक लग्न लागलें. छबी अद्याप आहे. जाणारायेणारानें पाहावी. सातव्या पायरीवर तो पंजा दिसेल, आणि त्याच्यामागें आठव्या पायरीवर, सारे देवळाकडे पाहत असतां, एक मान मागें वळलेली दिसेल. तो मनुष्य पहिल्या छबीपासून त्या पाठीमागें हातभर अंतरावर उभा होता, आणि त्याचेही दोन्ही हात हळदीनें भरलेले होते.